माझा आवडता खेळाडू : हँक आरन

'माझा आवडता खेळाडू' म्हटलं की आमच्या वर्गात सगळे सचिन, धोनी नाहीतर विराटवर लिहितात. मीही तेच लिहायचो. पण या वर्षी मी अमेरिकेच्या हँक आरनबद्दल लिहिणार आहे.

आरन हा ब्रेव्हज या बेसबॉल संघाचा फलंदाज. आधी मिलवॉकीत, मग अटलांटात तो या संघाकडून खेळला. बेसबॉलमध्ये चेंडू थेट कुंपणापलीकडे मारला की होम रन होतो, आपल्या षटकारासारखाच. ब्रेव्हजसाठी चिपर जोन्सने ४६८, एडी मॅथ्यूजने ४९३ आणि आरनने तब्बल ७३३ होम रन मारले!

तेव्हा सर्वांत मोठा विक्रम बेब रूथचा होता, ७१४ चा. १९७३ चा हंगाम संपला तेव्हा आरन ७१३ वर होता. एका कृष्णवर्णीय खेळाडूने हा विक्रम मोडू नये म्हणून त्याला शिव्यांची, जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत. सगळा हिवाळा त्याने तसाच काढला. ८ एप्रिल १९७४ रोजी त्याने ७१५ वा होम रन मारला.

मागच्या वर्षी मैदानावरची मुलं माझ्या तोतरेपणावरून चिडवायची, म्हणून मी खेळणंच सोडलं होतं. आरनबद्दल वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. परवा मी पुन्हा बॅट घेऊन गेलो. चिडवणारे होतेच. मी दुसऱ्याच चेंडूवर आउट झालो.

उद्या परत जाणार आहे.