हरण्याची चैन

जिंकण्याचे कौतुक सगळेच करतात. फुकटात हरायला मिळणे हीसुद्धा एक चैन आहे, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ब्राउझरमध्ये खेळायचे ते जुन्या वळणाचे मोटारींच्या शर्यतीचे खेळ मला आवडतात, ते याच चैनीसाठी.

या खेळांतली मोटार मोठी लबाड असते. ती जागची हलतच नाही! रस्त्याच्या आडव्या पट्ट्या सरकत राहतात, झाडांची चित्रे लहानाची मोठी होत अंगावर येतात, आणि आपण धावतो आहोत असे आपल्याला वाटते. पूर्णा-नांदेड मार्गावर चुडावा स्टेशन सुटले की लहान मुले खिडकीतून ओरडतात, "झाडं पळायलीत!" गाडीत तो भास असतो, या खेळात ते अक्षरशः खरे असते. १९७६ सालच्या 'नाइट ड्रायव्हर'मध्ये तर झाडेही नव्हती. काळ्या पडद्यावर रस्त्याकडेचे पांढरे खुंट तेवढे पुढे येत. बाकीचा रस्ता खेळणाऱ्याने मनात बांधून घ्यायचा.

पुढे १९८६ साली सेगा कंपनीच्या यू सुझुकी यांनी 'आउट रन' केला. लाल मोटार, निळे आकाश, आणि टप्पा संपला की रस्त्याला दोन फाटे. तिथे खरा वैरी घड्याळ. मोटार उलटली तरी पुन्हा उभी राहते. जातात ती फक्त सेकंदे. वेळेत टप्पा गाठला की थोडी सेकंदे पदरात पडतात. नाही तर खेळ खलास!

घड्याळाची ही घाई उगाच नव्हती. तेव्हा दर खेळाला यंत्रात नाणे टाकावे लागे. एकच गिऱ्हाईक तासभर चाकाला चिकटून राहिले, तर यंत्राच्या मालकाने काय खावे? २०१४ साली इंटरनेट अर्काइव्हने असले शेकडो जुने खेळ ब्राउझरमध्ये खुले केले. नाणे गेले, घड्याळ तेवढे पूर्वीच्याच तोऱ्यात राहिले. पण आता त्या बिचाऱ्याला दात नाहीत.

ह्याची किंमत मला चुडाव्याला ताईच्या घरी कळली. काढणीला आलेले सोयाबीन पावसात सापडले होते. दाजी चार दिवस कुणाशी बोलत नव्हते. भाच्याने एके संध्याकाळी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. पहिल्याच वळणावर दाजींची मोटार झाडावर आदळली. थोड्या वेळाने घड्याळ संपले.

"आता किती गेलं आपलं?" त्यांनी सवयीने विचारले.

"काहीच नाही, बाबा. पुन्हा दाबा."

दाजींनी एकदा मुलाकडे पाहिले, आणि बटण दाबले. ज्याच्या एका हरण्याला अख्खे वर्ष पडते, त्या माणसाला त्या संध्याकाळी दहा-बारा वेळा फुकट हरायला मिळाले. ताई जेवायला हाका मारून दमली. पण त्यांना उठवायला तीसुद्धा आत आली नाही.