व्हॉसचा हंडा

नॉर्वेतील बर्गेनहून आगगाडीने पूर्वेला निघाले, की सुमारे सव्वा तासात व्हॉस येते. तेथील काही शेतकऱ्यांच्या घरी बिअर अजून तांब्याच्या प्रचंड हंड्यात शिजते. खाली लाकडांचा जाळ, पाण्यात जुनिपरच्या डहाळ्या. मोड आणलेल्या जवाचा गोड रस तीन-चार तास उकळतो आणि काहिलीतल्या उसाच्या रसासारखा आटून तांबूस होतो. तो ४० अंशांपर्यंत निवला, की त्यात पडते ‘क्वाइक’, म्हणजे घराण्याचे विरजण! नासले तर शेजाऱ्याकडून आणायचे, अगदी आपल्यासारखे. पुढे बाजारी यीस्ट आले आणि गावोगावची विरजणे बुडाली. वाचकहो, हंडा पुन्हा घडवता येतो. विरजण एकदा मोडले की गेलेच. व्हॉसच्या काही घरांनी ते जपले, म्हणून आज ते जगभर पोहोचले आहे.