शिळेवरचे शब्द

मनुष्य जातो आणि त्याचे नाव मागे राहते, असे आपण सहज बोलून जातो. परंतु नाव आपोआप राहत नाही. कोणी तरी ते राखावे लागते. या राखणीचे एक कठीण रूप उत्तरेकडील स्वीडन व डेन्मार्क या देशांत पाहावयास मिळते. इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांत तेथील लोकांनी आपल्या मृत आप्तांसाठी उभारलेल्या रूनशिला आजही रस्त्यांच्या कडेला, पुलांपाशी आणि शेतांच्या बांधांवर उभ्या आहेत. एकट्या स्वीडनमध्ये त्या २,५०० हून अधिक आहेत.

त्यांवरील रून लिपीत त्या काळी अवघी सोळा अक्षरे होती, आणि तीही बहुधा सरळ रेघांची. हातोडा व छिन्नी घेऊन कारागीर ती ग्रॅनाइटसारख्या दगडावर कोरीत. मजकूर पुष्कळदा नागासारख्या वळसे घेणाऱ्या पट्ट्यात बसवीत आणि रेघांत तांबडा रंग भरीत. मजकुराचा साचा ठरलेला असे : अमक्याने ही शिळा तमक्याच्या स्मरणार्थ उभारली. म्हणजे आधी नाव जिवंताचे, मग मृताचे! प्रथमदर्शनी हे विपरीत वाटते. पण विचारान्ती त्यातील मर्म ध्यानी येते. जो बोलतो, तो आपल्या बोलण्यास साक्षी राहतो.

डेन्मार्कमधील येलिंग येथे राजा हॅराल्डने इ. स. ९६५ च्या सुमारास आपल्या मातापित्यांसाठी मोठी शिळा उभारली. तीवर आपण डेन्मार्क व नॉर्वे जिंकल्याचेही कोरविले. आपल्या मोबाईलवरील ब्लूटूथची खूण याच राजाच्या नावाची दोन रून अक्षरे जोडून केलेली आहे. ‘ब्लूटूथ’ हे त्याच्याच टोपणनावाचे इंग्रजी रूप होय. स्वीडनमधील तेबी येथील यार्लाबांके नावाच्या जमीनदाराने तर त्याच्याही पुढे मजल मारली. त्याने दलदलीवर वाट बांधली आणि आपण हयात असतानाच स्वतःच्या स्मरणार्थ शिळा उभारल्या. वाट लोकांच्या उपयोगी पडली, हे खरे. तथापि सारे तेबी आपल्या एकट्याचे होते, हे सांगावयास तो विसरला नाही.

याउलट हासमीरा येथील शिळा पाहा. होल्मगाउत नावाच्या शेतकऱ्याने ती आपली पत्नी ओदिन्दीसा हिच्यासाठी उभारली. घर सांभाळणारी याहून चांगली गृहिणी या वस्तीत येणार नाही, एवढाच तिचा आशय. स्त्रीच्या गौरवार्थ कोरलेले असे पद्य फार दुर्मीळ आहे. राज्य नाही, लढाई नाही. केवळ एक चांगले चाललेले घर, आणि ते हजार वर्षे टिकून राहिले आहे.

आमच्या आईच्या निधनानंतर आम्ही भावंडांनी गावच्या देवळाच्या तळीच्या मोडक्या पायऱ्या दुरुस्त करविल्या, तेव्हा हा प्रश्न आमच्याही दारी आला. शहरातील दुकानदार यंत्राने कोरलेली, सोनेरी अक्षरांची चकचकीत पाटी देण्यास तयार होता. आमची नावे, पदव्या आणि खर्चाचा आकडाही तीवर यावा, असे कोणी सुचविले. आमचा जांभा दगड सच्छिद्र. त्यावर बारीक अक्षर उमटत नाही. म्हणून काळा दगड आणून आम्ही तो गावच्या वृद्ध पाथरवटाकडे नेला. लांबलचक मजकूर पाहून तो म्हणाला, “मास्तर, शब्द कमी करा. एकेका अक्षराला घाम लागतो.”

घरी येऊन आम्ही एकेक शब्द गाळू लागलो. पदव्या गेल्या, आकडा गेला, ‘परमपूज्य’ गेले. आई बोलली कोकणीत, वाचली मराठी पोथी. तेव्हा दोन्ही भाषांत आपलासा असलेला एक शब्द आम्ही राखला. आज त्या दगडावर एवढेच आहे : तिच्या मुलांनी या पायऱ्या तिच्यासाठी बांधल्या, दारी आलेल्यास तिने पेज दिल्यावाचून धाडले नाही.

विद्यार्थिमित्रहो, दगड कठीण असतो, म्हणूनच तो खोट्या शब्दांस सहजी जागा देत नाही. आपल्या शिळेवर काय कोरावे, हे ठरविणे दुसऱ्याच्या हाती असते. त्याला खोटे न बोलता दोन चांगले शब्द लिहिता यावेत, असे वागणे मात्र आपल्या हाती आहे.