काय करत होतात, मामा?

आमच्या परभणीकडे दिवाळी येते तीच मुळी सोयाबीनच्या मळणीत आणि कापसाच्या वेचणीत. फटाक्यांनी भाजलेले डोळे येतात, नाही असं नाही. पण माझ्या ओपीडीतली खरी गर्दी हडंब्यावरून, म्हणजे मळणीयंत्रावरून आलेली.

जिंतूर-गंगाखेडकडचा माणूस समोर बसतो आणि म्हणतो, "कचरा गेलाय, काढून द्या." मी विचारतो, "काय करत होतात, मामा?" त्यांना वाटतं, डॉक्टरला गप्पा सुचतायत. पण निम्मं निदान त्या उत्तरात असतं. भुसकट उडालं किंवा पऱ्हाटीची काडी लागली, तर मला बुरशीची धास्ती. ग्राइंडरची ठिणगी असेल तर लोखंडाचा कण बुबुळावर दिवसभरात गंज धरतो. कणामागून तो गंजही खरवडावा लागतो. छिन्नीवर हातोडा मारताना काही उडालं असेल, तर ते डोळ्याच्या आत शिरलेलं असू शकतं, आणि वरून लालीसुद्धा फारशी दिसत नाही. असा डोळा चोळू नका, धुऊ नका, दाबू नका. वर कागदी कप चिकटवा आणि काही न खातापिता या; भूल द्यावी लागेल.

चुन्याचं मात्र उलट. तंबाखूच्या चुन्याची पुडी लेकराच्या डोळ्यात फुटली तर गाडी शोधत बसू नका. पापण्या उघड्या धरून अर्धा तास स्वच्छ पाणी सोडा, मग निघा. चुना आत उतरत जाळत राहतो, तो तुम्ही परभणीला पोहोचेपर्यंत थांबत नाही.

येताना वापरलेल्या थेंबांची बाटली आणा. मेडिकलवरून मागून घेतलेल्या थेंबांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. लाली उतरते, रुग्ण खूश होतो आणि खाली बुरशी फोफावते. एरंडेल, मध, बाळंतिणीचं दूध, कुणी जिभेने काढलेला कण, जे झालं ते सांगा. मी रागावतो थोडा, पण औषध त्यावरच ठरतं.

आणि "उद्या बघू" म्हणू नका. नेपाळमधल्या भक्तपूरचा एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. बुबुळ खरचटलेल्यांना गावातच साधं प्रतिजैविक मलम दिलं. 442 पैकी 96 टक्क्यांच्या जखमा संसर्गाविना भरल्या. 18 तासांच्या आत मलम सुरू झालेल्या एकालाही व्रण झाला नाही. शेतकऱ्याचा डोळा वाचवायला मोठं यंत्र लागतंच असं नाही; वेळेवर यावं लागतं.

सोबत कुणाला तरी आणा, कारण परतताना एका डोळ्यावर पट्टी असेल तर मोटारसायकल तुम्हाला चालवू देणार नाही. आणि तपासणीआधी मी टाकतो ते सुन्न करणारे थेंब घरी मागू नका. "त्यानंच बरं वाटलं की हो," असं म्हणतात. वाटणारच, पण ते पुन्हा पुन्हा टाकले की जखम भरत नाही, चिघळते.