गाव सोडले, पण पत्ता कुठला?

विट्याहून आटपाडीच्या वाटेला लागले, की गावोगावी दुमजली पक्की घरे दिसतात. नवख्या माणसाला वाटते, पीकपाणी चांगले असावे. जवळ जाऊन पाहावे, तर कितीतरी दारांना कुलूप! ही घरे गलाईवाल्यांची. सांगलीच्या खानापूर-आटपाडीची आणि साताऱ्याच्या माण-खटावची माणसे दुष्काळाला कंटाळून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परमुलखात गेली. केरळपासून पंजाबपर्यंतच्या सराफपेठांत ती भेटतात. सणाला, जत्रेला कुलपे उघडतात आणि गाव भरून जाते.

अशाच एका जत्रेत तामिळनाडूतून आलेले एक गृहस्थ मला पारावर भेटले. म्हणाले, "साहेब, तिकडं आम्ही मराठे आणि इकडं आम्ही मद्रासवाले. आम्ही नक्की कुठलं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पूर्वी कुसळे उगवणाऱ्या रानाचे हक्कसोडपत्र त्यांनी धाकट्या भावाला खुशीने करून दिले होते. आता टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी या भागात आले. उतारवयात दोन एकर घेऊन गावी राहावे असे त्यांच्या मनात आले, तर व्यवहार अडला. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची, तर आपण शेतकरी असल्याचा पुरावा लागतो आणि यांचे नाव एकाही सातबाऱ्यावर उरले नव्हते!

म्हणून बाहेरगावी असणाऱ्या कुटुंबांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वडील वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीची वर्दी द्यावी. बहिणींची नावेही लावावीत. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी दहा वेळा विचार करावा.

मतदारयादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येते. जिथे नेहमीचा राहता मुक्काम, तिथले ते असावे. दोन्हीकडे ठेवणे कायद्याला धरून नाही.

आयकर देशभर एकच आहे. राज्य बदलल्याने तो बदलत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून दुकानाची कमाई शेतीच्या नावावर दाखवण्याचा मोह मात्र धरू नये. चौकशी झाली, की विकलेल्या मालाच्या पट्ट्या मागतात.

चौथी गोष्ट मुलांची. महाराष्ट्राच्या कोट्यातून वैद्यकीय शिक्षणाला जायचे, तर अधिवास दाखला लागतो आणि साधारणपणे दहावी-बारावीही इथलीच लागते. जातीचा दाखला मूळ गावच्या जुन्या कागदांवरच मिळतो. तेव्हा आजोबांच्या शाळेचा दाखला जपून ठेवावा.

त्या गृहस्थांचे काम पुढे भावानेच सोपे केले. वडिलार्जित रानातले एक एकर त्याने त्यांना परत दिले. भाऊ समजूतदार निघाला म्हणून निभावले. सर्वांचेच तसे होईल असे नाही. पोटासाठी गाव सोडावे लागले, तर खुशाल सोडावे. सातबाऱ्यावरचे नाव मात्र सोडू नये.