घराची केटी

परदेशी निघालोय म्हटल्यावर लोक दोनच प्रश्न विचारतात. "परत येणार का?" आणि "पॅकिंग झालं का?" पहिल्याचं उत्तर मला माहीत नाही, आणि दुसरं खातं बायकोकडे आहे. पण गेले दोन महिने मी ज्या कामात बुडालोय ते कोणीच विचारत नाही, म्हणून आज ते लिहून काढतोय.

गणपती झाले की आम्ही दोघं पुण्याहून स्टुटगार्टला जातोय. नोकरी तीच, टीम वेगळी.

पॅकिंगचं आधी उरकून टाकतो, नाहीतर कोणीतरी विचारेलच. तिकडे वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यामुळे मिक्सर खुशाल न्यावा, फक्त पिन वेगळी. (अमेरिकेला जाणाऱ्यांनी हे वाचून मिक्सर नेऊ नये, तिथे १२० व्होल्टवर तो नुसता गुरगुरेल.) कुकर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा घेतला. खाण्याच्या बाबतीत मात्र गंमत आहे. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून जाणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी. म्हणजे साजूक तूप बाद, पेढे बाद, बर्फी बाद. ताज्या फळा-भाज्यांना डिसेंबर २०१९पासून रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, डुरियन, केळी आणि खजूर. म्हणजे हापूस नाही, पण नारळ चालतो! आईने हे ऐकलं आणि ताबडतोब एक नारळ बॅगेत टाकला. कढीपत्त्याची जुडी मात्र तिला परत काढावी लागली, त्यावरून ती अजून जर्मनीवर नाराज आहे. मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला यांना कोणाची हरकत नाही. असो.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर नावात. आपलं मराठी नाव तीन मजली: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टात आडनाव एका रकान्यात, आणि माझं नाव व बाबांचं नाव मिळून 'दिलेलं नाव' या रकान्यात. जर्मन कारकुनाच्या दृष्टीने ती माझीच दोन नावं. तेव्हा तिथल्या प्रत्येक सरकारी पत्रावर, विम्याच्या कार्डावर, पगाराच्या चिठ्ठीवर बाबांचं नाव माझं दुसरं नाव म्हणून येणार. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मीही चाललोय म्हण की, आणि तेही विनातिकीट."

बायकोचं प्रकरण त्याहून अवघड. डिग्री माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. मधलं नाव आधी वडिलांचं, आता माझं. तीन नावांतली दोन बदलली तरी बाई तीच आहे हे सिद्ध करायला एकच कागद, लग्नाचा दाखला. तो एक सापडेपर्यंत घरात जे वातावरण होतं त्याचं वर्णन नको. लग्न करू घातलेल्या मैत्रिणींना फुकटचा सल्ला: नाव बदलायचंच असेल तर आधी पासपोर्ट, डिग्री आणि बँक समोर मांडून बसा, मग ठरवा. आमच्याकडे निम्मी धावपळ त्या एका फॉर्मवरच्या दोन रकान्यांमुळे झाली, आणि ती सगळी तिनेच केली.

आता मूळ मुद्दा.

प्रोजेक्ट सोडताना आपण काय करतो? नोटीस पीरियडमध्ये केटी देतो. कुठला जॉब रात्री चालतो, कुठला पासवर्ड कोणाकडे, काय फुटलं तर कोणाला उठवायचं, हे सगळं लिहून, समजावून, समोरच्याकडून 'समजलं' असं वदवून घेऊन मगच मॅनेजर सोडतो. घर सोडताना असं काही करायला कोणी सांगत नाही. मी जूनमध्ये सहज एक यादी करायला बसलो, या घरात माझ्यावाचून काय काय अडेल याची. सदतीस ओळी झाल्या.

त्यातल्या एकोणीस ओळींचं मूळ एकच: ओटीपी. गेल्या दहा वर्षांत, "बाबा, तुम्ही राहू द्या, मी करतो" असं म्हणत म्हणत घरातल्या बहुतेक गोष्टींना माझा मोबाईल नंबर लागलाय. महावितरणचं बिल, मालमत्ता कर, आईचं बँक खातं, आरोग्य विमा. गॅसचंसुद्धा. सिलिंडर बुक केला की कोड येतो माझ्या फोनवर, मी ऑफिसमध्ये मीटिंगमध्ये, सिलिंडरवाला दारात, आणि आई मला फोन करतेय. हे पुण्यात चालून जायचं. स्टुटगार्टची वेळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास. सकाळी नऊला सिलिंडर आला तर तिथे हिवाळ्यात पहाटेचे साडेचार! आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात, आणि तो पॉइंट विमानात बसणार होता.

माझा भारतातला नंबर मी चालू ठेवणारच आहे, तो नव्वद दिवस वापरलाच नाही तर बंद होऊ शकतो, एवढं लक्षात ठेवायचं. पण त्याच्यावर घर चालवायचं नाही असं ठरवलं. यूपीआयचंही तेच. जानेवारी २०२३मध्ये परदेशी नंबरवर यूपीआय वापरायची परवानगी मिळाली तेव्हा पहिल्या दहा देशांत सिंगापूर, अमेरिका, ओमान, कतार होते, जर्मनी नव्हता. शिवाय परदेशी राहायला गेलं की आपलं साधं बचत खातं चालत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. हा सगळा खटाटोप माझा मी करीन. दूध, वीज, औषधं माझ्या खात्याला बांधलेली नकोत.

तर सगळे नंबर बदलून बाबांचे लावायचे. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे, पण फोनवर पैसे म्हटलं की हात मागे. "तू आहेस ना, तूच कर." मला वाटायचं कंटाळा असेल. एका रविवारी खनपटीला बसलो तेव्हा खरं कारण कळलं. त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधल्या एकांना 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांचा फोन आला होता. व्हिडिओवर वर्दीतला माणूस, तुमच्या नावाने पार्सल पकडलंय, फोन ठेवायचा नाही, कोणाशी बोलायचं नाही. पैसे वाचले, कारण ऐन वेळी त्यांची सून घरी आली. बाबा एवढंच म्हणाले, "आमच्याकडे ऐन वेळी कोण येणार आहे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांची भीती अगदी रास्त होती, आणि 'शिका हो, सोपं आहे' म्हणणं म्हणजे फायरवॉल न लावता सर्व्हर उघडा टाकण्यासारखं. मग दोघांनी बसून एक रचना ठरवली. पेन्शनच्या खात्याला फोनवरून पैसे पाठवायची सोयच ठेवायची नाही. ते खातं, बाबा, पासबुक आणि बँकेची पायरी, जुनं चाललंय तसं. शेजारी एक छोटं खातं उघडलं, त्यात महिन्याला दहा हजार, यूपीआय फक्त त्यालाच. गेले तर दहा हजार जातील. आणि फोनवरचा माणूस पोलीस असो, सीबीआय असो की ब्रह्मदेव, "कोणाला सांगू नका" म्हणाला की लगेच फोन ठेवायचा. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. फसवणूक झालीच तर १९३०. हा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लागला आहे.

त्यानंतर बाबा एकदम कामाला लागले. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चेहरा दाखवून फोनवरूनही देता येतो हे मी सांगितलं, तर म्हणाले, "ते नको. बँकेत गेलं की चार माणसं भेटतात. वर्षातून एकदा जिवंत असल्याचं तोंडी सांगायला बरं वाटतं." ती ओळ यादीतून खोडली.

आईची केटी द्यायला बसलो तर उलटंच झालं. तिने कपाटातून एक डायरी काढली. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, मागच्या चार वर्षांत प्रत्येक सिलिंडर कधी लागला ते, बाबांची बदललेली औषधं तारखेसकट, प्लंबर कोणता खरा आणि कोणता लबाड. माझ्या एक्सेल शीटपेक्षा हे कितीतरी अद्ययावत. मी सात ओळी तिथल्या तिथे दुरुस्त केल्या.

ऑगस्टचे पहिले दोन आठवडे आम्ही ड्राय रन केला. मी घरातच, पण कशाला हात लावायचा नाही. विजेचं बिल भरलं गेलं. औषधं आली. सिलिंडर आला तेव्हा बाबांनी गॅलरीतून कोड इतक्या मोठ्याने सांगितला की समोरच्या बिल्डिंगलाही आमचा सिलिंडर घेता आला असता. पण आला.

सदतीसावी ओळ मी मुद्दामच शेवटी ठेवली होती: रात्री दोन वाजता काही झालं तर. समोर तीन रकाने, पहिला फोन, दुसरा, तिसरा. पहिल्यात मी माझा नंबर टाकून ठेवला होता, सवयीने. बाबांनी शीटची प्रिंट घेतली, चष्मा लावला, आणि पेनाने तो खोडला. "तू तिथून काय करणार? विमानतळावर पोचेस्तोवर सकाळ होईल." पहिला नंबर खालच्या मजल्यावरच्या काकांचा, त्यांच्याकडे किल्लीही आहे. दुसरा १०८, ॲम्ब्युलन्सचा. माझा तिसरा.

मी म्हणालो, निदान एकाच वेळी मेसेज तरी करा. आई म्हणाली, "बघू. तू झोपलेला असशील."

दुसऱ्या दिवशी बाबा तो कागद लॅमिनेट करून घेऊन आले. तीस रुपये लागले, यूपीआयने दिले.