गुलाबी कागद

बास्केटबॉलला आमची आई 'टोपलीचा चेंडू' म्हणते. सरांना हे मी भीत भीतच सांगितले होते, पण ते हसले नाहीत. "आईचंच बरोबर आहे," ते म्हणाले. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ काढला, तेव्हा सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्याच ठोकल्या होत्या. टोपल्यांची बुडे कापलेली नव्हती. त्यामुळे चेंडू आत पडला की कोणीतरी शिडीवर चढून तो काढून आणायचा. हे ऐकून आमची सेंटर म्हणाली, "सर, आपल्या संघाला शिडी फारशी लागली नसती!"

तिचे खोटे नव्हते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या विभागात मुलींचे पाचच संघ. प्रत्येकाने चार सामने खेळायचे. पहिला सामना आम्ही ५२-१४ असा हरलो, दुसरा ४७-१९, तिसरा ३८-२९. तिसऱ्या सामन्यानंतर वसतिगृहात कोणी विचारले, की आम्ही "फक्त नऊ गुणांनी" असे सांगत असू. हरणाऱ्यांचेही एक गणित असते.

संघ सात जणींचा. त्यातल्या एकीचा घोटा तिसऱ्या सामन्यात मुरगळला. राहिलो सहा. सरावाला चेंडू एकच, आणि तोही मुलांसाठी आणलेला सात नंबरचा. मुलींचे सामने सहा नंबरच्या चेंडूवर होतात. तो साधारण सत्तर ग्रॅमने हलका असतो. म्हणजे वर्षभर भरलेली घागर उचलायची आणि परीक्षेच्या दिवशी हातात तांब्या यायचा, तशी आमची गत. सामन्यात आमचे निम्मे पास डोक्यावरून बाहेर जात, ते या हलक्या चेंडूमुळे.

या जड चेंडूनेच ताईला तिचा तो विचित्र फ्री थ्रो शिकवला. ताई म्हणजे आमची कॅप्टन. तृतीय वर्षाला, अंगाने किरकोळ. फ्री थ्रोची रेषा फळीपासून ४.६० मीटरवर, तिथून सात नंबरचा चेंडू खांद्यावरून फेकला तर तिचा कडीपर्यंत पोचत नसे. म्हणून ती दोन्ही हातांनी चेंडू गुडघ्यांपाशी नेई आणि सुपातून धान्य पाखडावे तसा खालून वर उडवी. पाहणारे हसत. मुलांचा संघ तर तिच्या नकला करी. सरांनी मात्र तिला कधी अडवले नाही. रिक बॅरी नावाचा अमेरिकेतला नामवंत खेळाडू असाच खालून टाकायचा आणि त्याचे शंभरातले जवळजवळ नव्वद आत जायचे, एवढे सांगून ते गप्प बसले.

ताई तीन वर्षे संघात होती आणि तीन वर्षांत तिने एकही सामना जिंकलेला नव्हता. ती हे कधी बोलून दाखवत नसे. प्रत्येक सामन्यानंतर गुणपत्रकाची एक प्रत संघाला मिळते. पांढरी आयोजकांची, गुलाबी जिंकणाऱ्यांची, पिवळी हरणाऱ्यांची. सही करून पिवळा कागद घ्यायचे काम कॅप्टनचे. ती तो नीट घडी घालून सरांकडे देई. "माझ्याकडे फक्त हळदच आली," असे एकदा म्हणाली होती, बस्स.

चौथा सामना यजमान महाविद्यालयाशी, त्यांच्याच सिमेंटच्या मैदानावर. त्यांनी तिन्ही सामने जिंकलेले. आमचे स्पर्धेतले आव्हान केव्हाच संपले होते. त्यातच पुढच्या वर्षी मुलींचा बास्केटबॉल बंद करून तो पैसा दुसऱ्या खेळाला द्यावा, असे बोलणे कानावर आलेले. पहाटेच्या एस. टी.त कोणी फारसे बोलत नव्हते. तेव्हा सरांनी १९८३ सालची गोष्ट काढली.

नॉर्थ कॅरोलिना स्टेट या विद्यापीठाचा संघ त्या मोसमात दहा सामने हरला होता. त्यांचा व्हिटनबर्ग हा खेळाडू पाय मोडून मधले कित्येक सामने बाहेर होता. तरी हा संघ एक-दोन गुणांनी सामने काढत अंतिम फेरीत गेला. समोर ह्यूस्टन, ओळीने सव्वीस सामने जिंकलेला, त्यात ओलाजुवान आणि ड्रेक्सलर. वाल्व्हानो या प्रशिक्षकाने शेवटी शेवटी मुद्दाम फाउल करायला लावले, कारण ह्यूस्टनचे फ्री थ्रो कच्चे होते. ५२-५२ अशी बरोबरी झाली. शेवटच्या क्षणी व्हिटनबर्गने लांबून टाकलेला चेंडू कडीपर्यंत पोचलाच नाही. लोरेंझो चार्ल्सने तो हवेतच पकडून आत कोंबला. ५४-५२. आणि वाल्व्हानो मिठी मारायला कोणी सापडते का, म्हणून मैदानभर धावत सुटला.

गोष्ट छान होती. पण आमच्यात उडी मारून चेंडू कोंबणारी कोण? कडी ३.०५ मीटर उंच, आणि आमची सेंटर हात उंचावूनही जाळीच्या बरीच खाली. सरांनी मात्र त्यातून एकच गोष्ट घेतली होती. "पोरींनो, शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत त्यांच्या जवळ राहा. पुढचं पुढे."

आम्ही दोघी पुढे, तिघी टोपलीखाली, असा झोन लावला. त्यांना लांबून टाकायला लावायचे. सकाळी वारा होता आणि त्यांचे लांबचे चेंडू वाऱ्यावर भरकटू लागले. मध्यंतराला १७-१२ असे मागे, तिसऱ्या डावाअखेर २३-२०. त्यांच्या प्रेक्षकांचा गलका थोडा कमी झाला, हे माझ्या आधी कानांनी टिपले.

चौथ्या डावात आमची एक जण पाच फाउल होऊन बाहेर गेली आणि बाकावरची एकमेव मुलगी आत आली. पुढे काय झाले ते मला सलग आठवत नाही. २७-२५ असे आम्ही पुढे होतो, एक मिनिट राहिले होते आणि त्यांच्या उंच मुलीला अडवताना आमच्या सेंटरचा पाचवा फाउल झाला. आता मैदानात आम्ही चौघी. नियमाने चौघींना खेळता येते; कसे खेळायचे ते नियमात लिहिलेले नाही. त्या उंच मुलीने दोनपैकी एक फ्री थ्रो घातला. मग त्यांनी चेंडू हिसकावला आणि २८-२७ केले.

बावीस सेकंद. चेंडू मी पुढे आणला. ताई डावीकडून आत घुसली, दोघींच्या मधून उडाली आणि सिमेंटवर आपटली. शिट्टी झाली. चार सेकंद राहिली होती. दोन फ्री थ्रो.

तिचे कोपर सोललेले. तिने चेंडू गुडघ्यांपाशी नेला मात्र, बाजूच्या पायऱ्यांवर हशा पिकला. पहिला चेंडू कडीवर एकदा आदळला, रेंगाळला आणि आत पडला. हशा थांबला. दुसरा जाळीशिवाय कशालाच लागला नाही. २९-२८. त्यांनी मैदानाच्या मध्यावरून भिरकावलेला चेंडू फळीवरही पोचला नाही.

सर धावले नाहीत. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत उभे राहिले.

गुणतक्त्यात आम्ही तरीही तळाशीच. सही करताना ताईने गुलाबी कागद दोनदा वाचला. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "सर, हा मी ठेवू?" प्रवासभत्त्याच्या बिलाला गुणपत्रक जोडावे लागते, सर जरा विचारात पडले. मग म्हणाले, "ठेव. बिलाला झेरॉक्स लावू."

स्टँडवर उतरल्यावर आम्ही सहाही जणींनी आपापल्यासाठी एकेक झेरॉक्स काढून घेतली. ती अर्थातच काळीपांढरी आली.